जरा नजर टाका, मॅडम

मी चिठ्ठ्या लिहिणारी बाई आहे. कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर घडी घालून येते ती चिठ्ठी, फवारणीच्या पंपाच्या खोक्यात असते ती, रक्तातली साखर तपासायच्या यंत्राबरोबर मिळते ती, आशांच्या प्रशिक्षणात वाटतात ती पुस्तिका. 'यंत्र असे जोडावे', 'औषध एवढेच मिसळावे', 'असे झाले तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा', असली वाक्ये लिहिण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. शहरात या कामाला टेक्निकल रायटिंग म्हणतात आणि ते करणारीला टेक्निकल रायटर. वर्ध्यात त्याला नाव नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत, 'सून घरीच असते, काहीबाही लिहीत बसते.' त्यांना दोष देत नाही. ज्यांनी मला पैसे दिले त्यांचेही मत यापेक्षा फार वेगळे नव्हते.

२०२५ च्या जून महिन्यात, इकडे पेरणीची धांदल सुरू असताना, ज्या एजन्सीसाठी मी काम करते तिथल्या मुलाचा फोन आला. मुलगा सभ्य आहे. म्हणाला, 'मॅडम, कपाशीवरच्या एका औषधाची चिठ्ठी आहे. मराठी झालंय ऑलरेडी, एआयने केलंय. तुम्ही फक्त जरा नजर टाका.' दर विचारला. शब्दाला तीस पैसे. इंग्रजीवरून मराठी करण्याचा मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत शब्दाला सव्वा रुपया मिळत असे. तसे म्हटल्यावर तो म्हणाला, 'पण मॅडम, आता तुम्हाला लिहायचं नाहीये ना. फक्त बघायचंय.'

फक्त बघायचंय! उतू जाणाऱ्या दुधाकडे फक्त बघायचं, रांगत्या पोराकडे फक्त बघायचं, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांकडे फक्त बघायचं. या 'फक्त बघण्या'त किती बायकांचे जन्म गेले याचा हिशेब आपण चळवळीत पन्नास वर्षे मांडतो आहोत. आता त्यात ही एक भर पडली. यंत्र लिहिणार, बाई बघणार.

काम घेतले, कारण नाही म्हणण्याची माझी ऐपत नव्हती. आणि खरे सांगायचे तर उत्सुकताही होती. चार-पाच वर्षांपूर्वी यंत्राची मराठी वाचून आम्ही पोट धरून हसत असू. औषध 'अप्लाय' करा, म्हणजे लावा किंवा फवारा, याचे यंत्र 'अर्ज करा' असे करायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा अर्ज करा! या वेळी आलेला मजकूर तसा नव्हता. एक ऱ्हस्वदीर्घ चुकलेला नाही, वाक्ये नीट, शब्द भारदस्त. रामनगरातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी वाचला असता तर 'छान मराठी' म्हणून पाठ थोपटली असती. घरात बसून नुसती नजर टाकली असती तर माझाही अर्ध्या तासात निकाल लागला असता.

पण मला सवय वेगळी आहे. चिठ्ठी ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचून दाखवल्याशिवाय मी ती पाठवत नाही. या सवयीचे पैसे मला कधी कोणी दिलेले नाहीत. तरी कागद छापून घेतला आणि सेलू तालुक्यातल्या ओळखीच्या गावी एसटीने गेले. (एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून परवडले.) संध्याकाळी निंदणावरून आलेल्या आठ-दहा जणी समाजमंदिराच्या ओट्यावर बसल्या आणि मी वाचू लागले.

पहिलाच अडथळा 'कोळपणी'. 'हे काय असते?' एकीने विचारले. आमच्याकडे डवरणी म्हणतात. डवरा चालतो, कोळपे नाही. यंत्र जी मराठी शिकले ती बहुधा पश्चिम महाराष्ट्रात छापलेली. तिथे कपाशी 'टोकतात', आमच्याकडे 'टोबतात'. यात काय बिघडले, असे तुम्ही म्हणाल. बिघडते. ज्या कागदावर आपला शब्द नाही तो कागद आपल्यासाठी नाही, असे माणूस पहिल्या ओळीलाच ठरवते आणि पुढचे ऐकत नाही. मग त्या पुढच्यात विष किती घालायचे हे लिहिलेले असले तरी.

विष किती घालायचे तेही ऐका. चिठ्ठीत लिहिले होते: हेक्टरी ५०० मिलिलिटर, ५०० लिटर पाण्यात. यंत्राने ते जसेच्या तसे मराठीत आणले, अगदी बरोबर. पण आमच्या गावात हेक्टर कोणाला मोजता येत नाही. वावर एकरात असते आणि फवारा पंपात. पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाला किती, हा खरा प्रश्न. हिशेब केला तर लिटरला एक मिलि, म्हणजे पंपाला १५ मिलि. हा हिशेब चिठ्ठीत नसतो, मग तो बाटलीच्या झाकणाने होतो. कोणाचे झाकण मोठे, कोणाचे लहान. एखादा म्हणतो अळी जास्त आहे, दोन झाकणे टाक. पेट्रोलचा पंप असेल तर पाणी कमी लागते, मग तोही हिशेब बदलतो. एवढी साधी एक ओळ, 'पाठीवरच्या पंपाला १५ मिलि', लिहायची कोणी? ती इंग्रजीत नाही, म्हणून यंत्र लिहीत नाही. ती लिहायला कोणीतरी विचारावे लागते की, बाई गं, तुमच्या घरी मोजतात कशाने?

नंतर आले, 'फवारणी केलेल्या क्षेत्रात २४ तास पुनर्प्रवेश टाळावा.' बायका गप्प. मी म्हटले, म्हणजे फवारा मारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जायचे नाही. त्यावर एकदम कलकलाट झाला. 'मालक सांगते तवा जा लागते ना! त्याले कोन सांगन?' एकीने सांगितले की फवारा पुढे चालू असतो आणि मागच्या तासात ह्या निंदत असतात. हे मला नवीन नव्हते. पण कागदावरच्या 'पुनर्प्रवेश टाळावा' या दोन शब्दांखाली केवढे भांडण दडलेले आहे हे दरवेळी नव्याने कळते.

आणि शेवटी, 'दूषित वस्त्रे स्वतंत्रपणे धुवावीत.' इथे बैठक अडली ती अर्धा तास. स्वतंत्रपणे म्हणजे काय? वेगळा साबण? वेगळा दिवस? एक म्हातारी म्हणाली, 'येगळं धुवाले पानी कोठून आनाव? धुनं त एकाच बकेटीत होते.' नवऱ्याचा फवारणीचा सदरा, लेकराची चड्डी, स्वतःचे लुगडे, सगळे एका पाण्यातून निघते. हाताला आग होते, पुरळ येते, ते साबणाचे असेल असे समजून त्या गप्प राहतात. मग तिशीतल्या एका सुनेने, जी आतापर्यंत काही बोलली नव्हती, विचारले, 'ताई, ह्याच्यात आमी कुठी हाओ?'

मी कागद पुन्हा वरून खाली वाचला. 'फवारणी करणाऱ्याने हातमोजे वापरावेत.' 'फवारणी करणाऱ्याने धूम्रपान करू नये.' जिच्या डोक्यावरून फवाऱ्याचे पाणी येते, जी ड्रममध्ये काठीने ढवळते, जी दुसऱ्या दिवशी त्याच तासात वाकून निंदते, जी तो सदरा हाताने चोळते, रिकामी बाटली कुठे ठेवायची हे जी ठरवते, ती बाई त्या नऊशे शब्दांत नव्हती. इंग्रजीतही नव्हती. यंत्राने काही गाळले नाही. जे आहे त्याचे भाषांतर करायचे काम त्याने चोख केले. जे नाही, त्याच्याबद्दल विचारायला ओट्यावर बसावे लागते.

मी दोन ओळी वाढवल्या. एक धुणे धुणाऱ्या बाईसाठी, एक निंदणारीसाठी. पंपाचा हिशेब घातला, डवरणी केली. एजन्सीतून उत्तर आले, 'मॅडम, सोर्समध्ये नाही ते ॲड करता येत नाही. बाकी करेक्शन्स घेतल्या.' डवरणीही परत कोळपणी झाली, कारण 'मराठी पूर्ण महाराष्ट्राला एकच जाते.' नऊशे शब्दांचे तीस पैशांनी दोनशे सत्तर रुपये झाले. त्या दिवशी त्या बायकांबरोबर निंदायला गेले असते तर जवळपास तेवढेच पडले असते. आणि निंदणारीला निदान 'कामाला गेली' तरी म्हणतात.

आता कोणी म्हणेल, एका चिठ्ठीसाठी एवढा गळा कशाला काढता? म्हणून २०१७ ची आठवण करून देते. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात तिथे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. कारणे अनेक होती. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, नवे जोरदार पंप, दोन-तीन औषधे एकत्र करायची सवय, अंगावर साधा फडकाही नाही. पण त्या सगळ्या गदारोळात एक सूर सारखा कानावर येत होता की शेतकऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत. सूचना! १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्याबरोबर चिठ्ठी असलीच पाहिजे, ती प्रादेशिक भाषेतही पाहिजे, तिच्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा हे सगळे पाहिजे. डब्यावर चौकोनात रंग असतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. कायदा कागदोपत्री चांगला आहे. फक्त एक गोष्ट कायद्यात कोठेही नाही: ही चिठ्ठी ज्याच्यासाठी आहे त्याला ती कळते की नाही हे कोणी, कधी, कुठे पाहिले. आमच्या भागातल्या मजुरांना मी हिरवा रंग दाखवून विचारले आहे. 'हिरवा म्हंजे झाडाले चांगला,' असे उत्तर अनेकदा मिळाले आहे. हे उत्तर कोणत्याही संगणकात नाही, कारण ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

म्हणून मी म्हणते की आमच्या कामाचे मोल यंत्र आल्यामुळे गेले नाही. ते आधीपासूनच नव्हते. यंत्र फक्त बिल घेऊन आले.

मोल कसे जात राहिले ते माझ्या डोळ्यांदेखत झाले आहे. पंधरा वर्षांपूर्वी एजन्सीने नवी पद्धत आणली. माझी प्रत्येक वाक्ये संगणकाच्या स्मृतीत साठवायची. तेच वाक्य पुन्हा कुठल्या चिठ्ठीत आले की ते आपोआप भरले जायचे आणि त्या वाक्याचे पैसे नाहीत. थोडे बदलून आले तर निम्मे. 'मॅडम, ते तर तुम्ही आधीच केलंय ना.' काल भाकरी थापली होती म्हणून आजची फुकट, असे कोणी खाणावळवालीला म्हणून बघा! पण मी म्हटले नाही, गप्प बसले. माझी आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींची वाक्ये वर्षानुवर्षे त्या स्मृतीत जमा होत राहिली. ती कोणाच्या मालकीची, हे आम्ही विचारले नाही. जूनमध्ये आलेल्या त्या यंत्राच्या मजकुरात एक वाक्य होते, 'फवारणीचे कपडे घरात नेण्यापूर्वी अंगणातच काढावेत.' बाकीच्या जड मराठीत ते वेगळे उठून दिसत होते. ते माझे आहे असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण असले वाक्य मी २००८ साली देवळी तालुक्यातल्या बायकांशी बोलून लिहिले होते एवढे आठवते.

माझी भाची पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत हेच काम इंग्रजीत करत होती. पगार चांगला, एसी ऑफिस, माझ्या तीस पैशांशी तुलनाच नाही. त्यांच्या विभागात सात जण होते, पाच मुली. सहा महिने त्यांना एकच काम दिले: जुनी सगळी पुस्तके नीट लावा, चुका काढा, यंत्राला वाचता येतील अशी करा. मुलींनी मान मोडून केले. नंतर सातातले दोन राहिले. ती मला म्हणाली, 'मावशी, आम्हाला वाटलं आपल्याला प्रमोशन मिळेल.' शिकलेली, कमावती, मोकळी मुलगी. आणि तिच्याही बाबतीत गोष्ट तीच. पुण्यातल्या इंजिनिअर मुलांनी तिला पहिल्या दिवसापासून 'डॉक्युमेंटेशनवाली' म्हटले. जे यंत्र बनवतात ते कर्ते, आणि ते कसे वापरायचे हे सांगणारी ती नुसती मदतनीस.

ही उतरंड आजची नाही. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक हा मोठा संगणक जगाला दाखवला. त्याला काम सांगणाऱ्या, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रॅमर, सहा बायका होत्या. समारंभाच्या रात्रीच्या मेजवानीला त्यांना बोलावणेही नव्हते. त्या यंत्राची तांत्रिक माहितीपुस्तिका लिहिली तीही एका बाईने, अ‍ॅडेल गोल्डस्टाइन यांनी. संगणकाच्या इतिहासात पुरुषांची नावे आपल्या पोरांना पाठ असतात, हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकले होते? मीही उशिराच ऐकले. आणि इतके लांब कशाला जायचे? कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. वाटी-चमच्याच्या मापात, नवख्या मुलीचा पदार्थ चुकणार नाही अशा बेताने लिहिलेले. शास्त्रीय लेखन म्हणजे दुसरे काय असते? पण ते 'बायकांचे पुस्तक' म्हणून स्वयंपाकघराच्या फळीवर गेले. मराठीत तांत्रिक लेखन नाही, अशी ओरड करणाऱ्या विद्वानांना ते कधी दिसले नाही.

मी असे बोलले की लोक हसून म्हणतात, 'तुम्ही वर्ध्याच्या, तुम्ही यंत्राच्या विरोधात असणारच.' हा विनोद मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता उत्तर तयार असते. वर्ध्याला मगनवाडी आहे. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पांनी तो इथून चालवला. तेलघाणी सुधारायची कशी, हातकागद करायचा कसा, मधमाशा पाळायच्या कशा, याची साध्या भाषेतली पत्रके-पुस्तिका इथून निघत. १९३८ साली तिथे मगन संग्रहालय उघडले. म्हणजे 'हे असे करा' सांगणाऱ्या लेखनाची परंपरा आमच्याच गावची आहे. त्यावरची मला माहीत असलेली नावे पुरुषांची आहेत हेही सांगितले पाहिजे. आणि गांधीजी सरसकट यंत्रविरोधी नव्हते. शिवणयंत्राला त्यांनी १९२४ मध्येच अपवाद केला होता. सिंगरने आपल्या बायकोचे कष्ट पाहून ते काढले, असे त्यांचे म्हणणे. (या सिंगरसाहेबांचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते. बायकोवरच्या प्रेमाची ती गोष्ट गांधीजींना कोणी सांगितली कोण जाणे!) पण त्यांनी मांडलेली कसोटी खरी आहे: यंत्राने कोणाचे श्रम वाचले आणि कोणाच्या पोटावर पाय आला.

त्या कसोटीवर मीही एआयला सरसकट नाकारत नाही. ज्या बाईला वाचता येत नाही ती आता फोनमध्ये बोलून विचारते आणि फोन तिला मराठीत उत्तर देतो. राज्य सरकारचे 'महाविस्तार' हे शेतीचे ॲप २०२५ मध्ये आले, त्यातही मराठीत विचारता येते. रात्री दहा वाजता, घरातल्या पुरुषांची परवानगी न मागता, एखादीला आपल्या हातावरच्या पुरळाबद्दल विचारता आले तर मला आनंद आहे. सव्वीस वर्षे चिठ्ठ्या लिहून मी त्या म्हातारीपर्यंत पोचले नव्हते, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. पण फोन उत्तर देतो ते कोठून आणतो? कोणीतरी कधीतरी लिहिले तेथून. लिहिणारीला तुम्ही आज तीस पैशांवर आणून ठेवलीत, तर उद्याच्या किडीबद्दल, उद्याच्या औषधाबद्दल ओट्यावर जाऊन विचारणार कोण?

पैसा नाही असेही नाही. जून २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने शेतीतल्या एआयचे धोरण मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. ड्रोन, उपग्रह, माहितीची कोठारे, नवउद्योग या सगळ्यांची नावे त्यात आहेत. शेतकऱ्याला कळेल असे लिहिणाऱ्या माणसांसाठी त्यातले किती, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. चिठ्ठीत चूक निघाली तर जबाबदार कोण, हाही. एजन्सीच्या नोंदीत त्या चिठ्ठीपुढे 'तपासणारी' म्हणून माझे नाव आहे. माझ्या दोन ओळी काढून टाकल्या, नाव मात्र ठेवले.

आता आपल्या घरातले बोलते, म्हणजे संघटनांमधले. राग आला तर येऊ द्या. १९९३-९४ साली मी कॉलेजात असताना शिबिरांना जाऊ लागले, तेव्हा 'तुझं अक्षर चांगलं आहे' म्हणून माझ्याकडे इतिवृत्त आले. मग पोस्टर आले, मग पत्रक, मग फंडिंगचा अहवाल. भाषण करणाऱ्या ताईंचे नाव पत्रिकेवर, पत्रक लिहिणारीचे नाही, कारण 'चळवळीत मी-तू नसते.' खरे आहे, नसते. पण छापखानेवाल्याचे बिल असते, मांडववाल्याचे असते. आशांना आणि अंगणवाडी सेविकांना पगाराऐवजी 'मानधन' देतात म्हणून आपण मोर्चे काढतो, ते बरोबरच. त्याच आशांची पुस्तिका लिहिणारीला आपण काय दिले? बहुतेक वेळा शाल.

आणि आता आपणही एआय वापरतो. मध्यंतरी एका संघटनेचे कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे पत्रक माझ्या हाती आले. सुबक, रंगीत, शुद्ध. त्यात पोलीस ठाणे होते, न्यायालय होते, पण संरक्षण अधिकारी नव्हता. २००५ च्या कायद्याचा कणाच तो! कोणी लिहिले, असे विचारल्यावर कार्यकर्ती म्हणाली, 'चॅटजीपीटीने केलं, मी फक्त नजर टाकली.' तीही बिचारी एकटी, तीन प्रकल्प सांभाळणारी. तिच्यावर ओरडायचा मला हक्क नाही. पण तिच्या संस्थेने पत्रकाच्या कागदाला पैसे मोजले आणि मजकुराला मोजले नाहीत, हे तर खरे ना?

आपल्याच चळवळीने हे काम किती उंचीवर नेले होते ते आठवा. राजस्थानातल्या खेड्यांतल्या बायकांनी शिबिरांमधून 'शरीर की जानकारी' नावाची पुस्तिका केली. १९८९ मध्ये 'काली फॉर विमेन'ने ती छापली. लेखिका म्हणून पंचाहत्तर गावकरी बायका. सुरुवातीच्या प्रतीत शरीराची उघडी चित्रे होती. गावातल्या बायका म्हणाल्या, आमच्या गावात अशी उघडी बाई कधी दिसते का? मग चित्रातल्या बाईला कपडे चढवले आणि घागऱ्याचा कागद उचलला की आतले दिसेल अशी रचना केली. लाजही राहिली आणि माहितीही. ही कल्पना कुठल्या तज्ज्ञाला सुचली नाही. दाखवून, विचारून, पुन्हा बदलून ती सापडली. त्याला वेळ लागला आणि तो वेळ कोणीतरी दिला.

म्हणून माझे मागणे शब्दामागे पाच-दहा पैसे वाढवा असे नाही. शब्दाने मोजणेच बंद करा. गावात घालवलेला दिवस मोजा. प्रत्येक चिठ्ठीवर जशी बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते, तसे ती कोणत्या गावात, कोणाला, कधी वाचून दाखवली तेही छापा. यंत्राने लिहिले असेल तर तसे सांगा. 'सोर्समध्ये नाही' ते वाढवण्याचा हक्क लिहिणारीला द्या. आणि आपल्या गटांनी पुढचा प्रस्ताव लिहिताना छपाई, प्रवास, चहापाणी याखाली एक ओळ घालावी: वाचून पाहण्याचा खर्च. देणगीदार ती काढायला सांगतील. त्यावर भांडू. मजुरीच्या दरावरून, रजेवरून आपण भांडलोच आहोत.

ऑगस्टमध्ये त्याच मुलाचा पुन्हा फोन आला. तणनाशकाची चिठ्ठी होती. मी म्हटले, एक दिवस गावात, एक दिवस लिहायला, एवढ्याचे दोन दिवसांचे पैसे लागतील. तो म्हणाला, 'विचारून सांगतो मॅडम.' अजून सांगितलेले नाही.

सेलूकडच्या त्या गावी मात्र मी दोनदा जाऊन आले. त्या न बोलणाऱ्या सुनेने धुण्याच्या दगडामागच्या भिंतीवर गेरूने लिहून घेतले आहे: 'फवाऱ्याचे कपडे घरात आनू नका. येगळी बकेट. हाताला पन्नी बांधा.' पुढची ओळ अजून कोरी आहे. पहिले पाणी फेकायचे कुठे, यावर त्यांचे एकमत होईना. मोरीत टाकले तर ते नालीने जाते आणि तिथे शेळ्या तोंड लावतात. वावरात न्यायचे तर भरलेली बकेट अर्धा कोस उचलायची कोणी? म्हातारी म्हणते, ज्याने फवारा मारला त्याने न्यावी. त्यावरून दोन घरांत भांडण झाले आहे. पुढच्या बैठकीला पुरुषांनाही बोलवायचे ठरले आहे.